प्लॅस्टिकच्या जुन्या पर्सचे वय



कामगार संघटनेत जन्म घालविलेल्या माणसाने बायकांच्या पर्सवर काय बोलावे, असे आपणांस वाटले असेल. परंतु कोणतीही वस्तू हाती आली, की ती कोणी व कोणत्या हत्याराने केली हे पाहण्याची मला खोड आहे. आणि जुन्या अमेरिकन प्लॅस्टिकच्या पर्सचे वय ठरविताना हीच खोड कामी येते.

आधी जिन्नस ओळखावा. सर्वांत जुने सेल्युलॉइड. १८७० च्या सुमारास हयाट यांनी ते हस्तिदंताऐवजी पुढे आणले. बोटाने चोळून ऊब दिली, की कापराचा वास येतो, कारण कापूर त्यात असतोच. १९०७ मध्ये बेकलंड यांनी शोधलेल्या बेकेलाइटला कार्बोलिकचा वास येतो. काहीजण तापलेली सुई टोचून परीक्षा करतात. तसे कदापि करू नये. सेल्युलॉइड भडकन पेटते.

खरी मौज ल्युसाइटची. ड्यू पाँट कंपनीचे हे काचेसारखे प्लॅस्टिक १९३७ च्या सुमारास बाजारात आले आणि महायुद्धात विमानांच्या खिडक्यांना लागले. युद्ध संपल्यावर त्याच्या पेटीसारख्या टणक पर्स निघाल्या. १९५० नंतरची काही वर्षे हा त्यांचा भर. न्यूयॉर्कची विलार्डी त्यांत नामांकित. तक्ता कापायचा, तापवून वाकवायचा, कडा घासून चिकटवायच्या, बिजागरी बसवायची, मग चकाकी आणायची. सारे हातकाम, म्हणून किंमतही चढी. पुढे वितळलेले प्लॅस्टिक साच्यात दाबून स्वस्त पर्स पडू लागल्या, आणि दशक संपता संपता हातकामाचा धंदा बसला. संग्राहक म्हणतात, फॅशन बदलली. मी म्हणतो, काम गेले! साच्यातल्या पर्सवर जोडाची बारीक उंचवट रेघ राहते. हातच्या पर्सला चिकटविलेले सांधे दिसतात. बोट फिरवून पाहा.

आत लेबल असल्यास पत्ता वाचावा. 'न्यूयॉर्क १६' असा एक-दोन आकडी विभाग-क्रमांक १९४३ मध्ये सुरू झाला. पाच आकडी झिप क्रमांक १९६३ मध्ये आला. लेबल नाही म्हणून पर्स खोटी ठरत नाही. चिकटविलेले ते, गळून पडते.

पर्स उघडताच उग्र वास आला, अंगावर जाळीसारख्या भेगा दिसल्या, तर प्लॅस्टिक आतून विरत आहे असे समजावे. घेऊ नये, घरात असेल तर इतरांपासून वेगळी, उन्हापासून दूर ठेवावी. पत्र्याखालच्या कपाटात तर मुळीच नको.