मेंदूतील प्रथिनांवरील लक्ष्यवेधी उपचार

मेंदूतील प्रथिनांवरील लक्ष्यवेधी उपचार ही चेतापेशींचा ऱ्हास करणाऱ्या विकारांत हानिकारक प्रथिने रोखण्याची किंवा हटवण्याची उपचारपद्धती आहे. लक्षणे कमी करण्याऐवजी ऱ्हासाचा वेग मंदावणे हे तिचे उद्दिष्ट असते.

स्वरूप

अल्झायमर रोगात अमायलॉइड-बीटा हे प्रथिन चेतापेशींबाहेर, तर टाऊ हे प्रथिन पेशींच्या आत साचते. कंपवातात (पार्किन्सन रोग) अल्फा-सिन्युक्लिनचे पुंजके आढळतात. लेकानेमॅब हे प्रतिपिंड अमायलॉइड हटवते. त्याला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. चाचणीत १८ महिन्यांत रुग्णांची घसरण सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली. मात्र, गेलेली स्मृती परत येत नाही. मेंदूला सूज येण्याचा किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने उपचारादरम्यान एमआरआय तपासण्या कराव्या लागतात.

महाराष्ट्रातील संशोधन

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील समीर माजी व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवले की, अल्फा-सिन्युक्लिन प्रथम द्रवरूप थेंबांत एकवटते आणि कालांतराने हे थेंब घट्ट होऊन त्यांत तंतू तयार होतात.

मुंबईस्थित सन फार्मा अॅडव्हान्स्ड रिसर्च कंपनीने (स्पार्क) सी-एबीएल या विकराला रोखणारे व्होडोबॅटिनिब कंपवाताच्या आरंभीच्या रुग्णांवर तपासले. हे विकर अल्फा-सिन्युक्लिनच्या साचण्यास हातभार लावते, असे प्रयोगशाळेत आढळले होते. तथापि, २०२४ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत छद्मौषधाच्या तुलनेत लाभ दिसला नाही.

मर्यादा

लक्षणे दिसण्यापूर्वी अनेक वर्षे प्रथिने साचत असतात. त्यामुळे निदान होईपर्यंत बऱ्याच चेतापेशी नष्ट झालेल्या असतात. नष्ट पेशी या उपचारांनी पुन्हा निर्माण होत नाहीत.