हाडात बसणारी प्लेट ठरवली कुणी?

घरातली दादी न्हाणीघरात घसरते, नाहीतर मुलगा बाईकवरून पडतो. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणतात, "प्लेट टाकावी लागेल." मग आपण दोनच गोष्टी विचारतो: खर्च किती आणि देशी की इंपोर्टेड? ही प्लेट अशीच का, हे कुणी ठरवलं, ते सहसा कुणी विचारत नाही. ती गोष्ट आम्ही आज सांगतोय.

१९५० च्या दशकात मोडलेल्या पायावर बहुतेक ठिकाणी दोनच इलाज होते. प्लास्टर, किंवा वजन बांधून पाय टांगून ठेवणे. कित्येक आठवडे पडून राहायचं. हाड जुळायचं, पण तोवर गुडघा आखडलेला आणि मांडी वाळलेली. माणूस बरा होऊनही कामाचा राहायचा नाही.

स्वित्झर्लंडचे सर्जन मॉरिस म्युलर यांनी १९५० मध्ये ब्रुसेल्सला जाऊन रॉबर्ट दानिस यांचं काम पाहिलं. दानिस हाडाचे तुकडे प्लेटने एकमेकांवर घट्ट दाबून बसवत आणि पेशंटला लवकर हालचाल करायला लावत. कल्पना पटली, पण अवजारं कुठे होती? एका कारखान्याचा स्क्रू, दुसऱ्याचा पेचकस, तिसऱ्याची प्लेट. एकाचं दुसऱ्याला बसत नसे. काही धातू शरीरात गंजायचेही.

म्युलर यांनी बेटलाख गावचे यंत्रकारागीर रॉबर्ट मॅथीस यांना गाठलं. सर्जन अडचण सांगणार, कारागीर नमुना बनवणार, ऑपरेशनमध्ये वापरून पुन्हा दुरुस्ती करणार, असा सिलसिला सुरू झाला. नोव्हेंबर १९५८ मध्ये बील शहरात १३ सर्जननी 'एओ' नावाचा अभ्यासगट काढला. पुढे घड्याळाच्या स्प्रिंगचे धातू जाणणारी स्ट्राउमान यांची संस्थाही सोबत आली. गंजाच्या प्रश्नावर तिची मोठी मदत झाली. १९६० पासून दावोसला सर्जनांसाठी ट्रेनिंग सुरू झालं. प्रत्येक ऑपरेशनचे एक्स-रे आणि कागद एका ठिकाणी जमा करायचे, बिघडलेल्या केसेससुद्धा, हा नियम होता. आमच्या मते सगळ्यात मोठं काम हेच. चुका लपवल्या असत्या तर प्लेट सुधारलीच नसती.

पैशाचं काय? डिझाइनचे हक्क सर्जननी स्वतःकडे न ठेवता त्यासाठी काढलेल्या सिंथेस कंपनीकडे दिले. कारखानदार रॉयल्टी भरायचे आणि ती संशोधन-शिक्षणाला जायची. म्हणजे जास्त प्लेटा खपल्या म्हणून डॉक्टरचा खिसा भरणार नव्हता. पुढे स्क्रूचं डोकं प्लेटमध्येच आट्यांनी अडकतं अशी 'लॉकिंग' प्लेट आली. म्हातारपणी ठिसूळ झालेल्या हाडात साधा स्क्रू सैल होतो, तिथे तिचा फायदा होतो. प्रत्येक फ्रॅक्चरला मात्र ती लागतेच असं नाही.

पण या दोस्तीला दुसरी बाजूही आहे. अमेरिकेत याच सिंथेस नावाच्या कंपनीने आणि तिच्या नोरियन कंपनीने हाडात भरायचं सिमेंट मणक्याच्या फ्रॅक्चरमध्ये परवानगीशिवाय पेशंटवर वापरून पाहिलं. त्यासाठी सर्जनना ट्रेनिंगही दिलं. त्याने रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, असं आधीच्या चाचण्यांत दिसलं होतं. तीन पेशंट ऑपरेशन टेबलवरच दगावले. २०१० मध्ये नोरियनने गुन्हा कबूल केला, २ कोटी डॉलरच्या वर दंड झाला आणि २०११ मध्ये चार अधिकाऱ्यांना तुरुंगवास झाला. २०१२ मध्ये सिंथेस जॉन्सन अँड जॉन्सनच्या मालकीची झाली.

म्हणून डॉक्टरांना बिनधास्त विचारा: लॉकिंग प्लेटच का? साध्या प्लेटने किंवा प्लास्टरने भागेल का? आणि इम्प्लांटच्या पाकिटावरचं कंपनी आणि बॅच नंबरचं स्टिकर डिस्चार्जच्या फाइलमध्ये लावून घ्या. चार वर्षांनी प्लेट काढायची वेळ आली, तर स्क्रूला कोणता पेचकस लागेल हे नव्या डॉक्टरला त्यावरूनच कळतं.