लिफ्टचा आवाज हवेतून कमी, भिंतीतून अधिक

राधानगरी : येथील धरणाचा साठा पूर्ण पातळीला पोचला, की त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानेच उघडतात आणि विसर्गाचा घोष परिसरात घुमतो. हा आवाज हवेतून येतो. अंतर वाढले, की विरतो. नोकरीसाठी वा मुलांच्या शिक्षणासाठी तालुक्यातून कोल्हापूर शहरातील सदनिकेत राहायला जाणाऱ्या कुटुंबांची मात्र वेगळ्याच आवाजाशी गाठ पडते. उशामागच्या भिंतीत मध्यरात्री 'खट्' होते, पाठोपाठ घरघर सुरू होते. आवाज लहान, पण झोप मोडणारा. हा लिफ्टचा आवाज इमारत उभी राहण्यापूर्वीच ओळखता आणि रोखता येतो.

आवाज येतो कोठून?

मोटर आणि गिअरची घरघर, ब्रेक व नियंत्रण पेटीतील कॉन्टॅक्टरचा खटका, मार्गदर्शक रुळांवरील घर्षण आणि दरवाजांची आदळआपट हे या आवाजाचे मुख्य उगम. तो दोन वाटांनी घरात शिरतो. पहिली वाट हवेची, दुसरी बांधकामाची. मोटरची कंपने स्लॅब, तुळया आणि भिंतींतून प्रवास करतात आणि शयनगृहाची भिंतच ध्वनिवर्धकासारखी बोलू लागते. यंत्रखोली नसलेल्या लिफ्टमध्ये मोटर बहुधा शाफ्टमध्येच रुळांच्या किंवा भिंतीच्या आधाराने बसविलेली असते. त्यामुळे तेथे ही दुसरी वाट अधिक जवळची ठरते.

अंदाज कसा बांधतात?

समजा, गच्चीवरील यंत्रखोलीत ७५ डेसिबल आवाज आहे आणि खालचा काँक्रीटचा स्लॅब त्यातील सुमारे ५० डेसिबल अडवितो. मग खालच्या खोलीत २५ डेसिबलच्या आसपास आवाज अपेक्षित आहे. प्रत्यक्ष मोजणीत तेथे ४० डेसिबल आढळले, तर उरलेला आवाज कंपनांचा, हे उघड होते. अशा वेळी भिंत जाड करून फारसा लाभ होत नाही. भिंतीचे वजन दुप्पट केले, तरी तत्त्वतः सुमारे ६ डेसिबलच वाचतात आणि तेही हवेतून येणाऱ्या आवाजाचे.

खरा उपाय मोटरच्या पायाशी आहे. मिनिटाला १,४४० फेरे घेणारी मोटर सेकंदाला २४ कंपने निर्माण करते. तिच्याखालील रबरी पॅड वा स्प्रिंग यंत्राच्या भाराने ४ मिलिमीटर दबली, तर त्या आधाराची स्वाभाविक कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ८ होते. आधारावरचा स्लॅब पुरेसा ताठ असेल, तर गणिताने मूळ कंपनबलाचा सुमारे आठवा हिस्साच खाली उतरतो. तोच पॅड इतका कडक असेल, की अर्धा मिलिमीटरही दबणार नाही, तर कंपने घटण्याऐवजी वाढू शकतात. 'पॅड बसविला आहे' एवढ्या उत्तरावर म्हणूनच समाधान मानू नये.

नियम काय सांगतो?

केंद्राच्या २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या काळात ४५ डेसिबल मर्यादा ठरविली. ती परिसरातील आवाजाची आहे, शयनगृहातील लिफ्टच्या आवाजाची नव्हे. जर्मनीच्या 'डीआयएन ४१०९' मानकाने इमारतीतील अशा यंत्रणांसाठी राहत्या खोलीत ३० डेसिबलची मर्यादा घातली आहे.

सदनिका घेताना नकाशात शाफ्टला लागून काय आहे, हे आधी पाहावे. तेथे जिना, स्नानगृह किंवा कपाटांची भिंत असेल, तर निम्मे काम झाले. राहत्या इमारतीत सोसायटीने रुळांची सरळ रेषा, दरवाजांचे रोलर, ब्रेक आणि पॅड यांची तपासणी देखभाल करारातच लिहून घ्यावी. यंत्रखोलीतील पाइप वा केबल स्लॅबला घट्ट जखडलेली असेल, तर चांगला पॅडही निष्फळ ठरतो. कंपनांना वाट मिळायला तेवढा एक दुवा पुरतो.