दुधाचा खवा आणि गावाचा हिशेब

धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुक्यात ईट हे गाव आहे. बालाघाटाचा हा डोंगरपट्टा पर्जन्यछायेतला. खरिपात उडीद, तूर, सोयाबीन आणि रब्बीत ज्वारी, हरभरा ही इकडची पिके. पाऊस साधला तर कणगी भरते. नाही साधला तर कोयता घेऊन ऊसतोडीला जायची पाळी येते.

अशा मुलखाला दुभत्या जनावरांनी हात दिला. भूम तालुक्याचा खवा आणि कुंथलगिरीचा पेढा यांचे नाव दूरवर आहे. त्यामागे साधा हिशेब आहे. दूध लवकर नासते आणि मोठे शहर लांब. म्हणून दूध भट्टीवरच्या कढईत आटवायचे. म्हशीच्या सुमारे पाच लिटर दुधाचा किलोभर खवा होतो. ओझे कमी, भाव जास्त, आणि माल दूरच्या बाजारात पोचतो.

हीच युक्ती अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या शेतकऱ्यांनीही केली. तिकडे मका उदंड पिकतो. पूर्वी रस्ते वाईट होते, मक्याच्या गाड्या लांब नेणे परवडत नसे. मग मका डुकरांना चारायचा आणि डुकरे विकायची.

आयोवात ९९ काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे आपला मोठा तालुकाच म्हणा. तिचे कारभारी मंडळ लोक मतांनी निवडतात. एवढेच नव्हे, तर पोलिसांचा प्रमुख आणि खजिनदारसुद्धा निवडूनच येतात. शेतजमिनीवरच्या करातून शाळा व रस्ते चालतात. आपला पैसा कुठे गेला, हे शेतकरी थेट विचारू शकतो.

आपल्याकडे तहसीलदार आणि फौजदार सरकार नेमते. पण आपण अगदीच मुके नाही. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनेचा आधार मिळाला. आणि ग्रामसभेचा हक्क तर असा आहे, की तिथे प्रत्येक मतदार स्वतः बसून बोलू शकतो. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात.

शेतकरी बंधूंनो, ग्रामसभेचा आणि म्हशीचा काय संबंध, असे म्हणू नका. पावसाळ्यात रस्ता चिखलात गेला तर दूध भट्टीवर पोचत नाही. उन्हाळ्यात हौद कोरडा पडला तर धार आटते. जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर नसला तर हजारोंची म्हैस एका रात्रीत जाते. या तक्रारी पारावर बोलून विरून जातात. ग्रामसभेत ठराव होऊन त्या कागदावर येतात.

आणि भगिनींनो, वैरण घालणे, शेण काढणे, धार काढणे हे बहुतेक घरी तुमच्याच हातांनी होते. २०११ पासून पंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याचीही तरतूद आहे. त्या सभेला जा. घरपट्टी, पाणीपट्टी किती जमली, सरकारी निधी किती आला, कशावर खर्च झाला, हे विचारा.

खवेवाल्याकडे दूध घालताना आपण माप डोळ्यांत तेल घालून पाहतो. गावच्या पैशाचे मापही तसेच पाहायला हवे.