दहा सेकंदांत राग ओळखताना



आमचे घोडपदेव म्हणजे गाणे ऐकायला निवांत जागा मुळीच नव्हे. एका अंगाला रे रोड स्टेशन आणि गोदीकडे जाणारी अवजड वाहने, दुसऱ्या अंगाला भायखळ्याचा गजबजाट. इथल्या जुन्या चाळींतून एके काळी गिरणीच्या भोंग्यावर माणसे कामाला निघत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि भोंगेही थांबले. पण संध्याकाळी गॅलरीत बसण्याची सवय काही गेली नाही. अशाच एका संध्याकाळी एका खेळात माझी जी फजिती झाली, ती आज सांगणार आहे.

शेजारची आठवीतली मुलगी मोबाइल घेऊन आली. "सर, दहा सेकंद ऐका आणि राग ओळखा. नाही आला तर वीस सेकंद ऐकवीन. पण गुण कमी." खेळ नव्या धर्तीचा. २०२२ साली इंग्रजी गाण्यांचा 'हर्डल' नावाचा खेळ इंटरनेटवर फार गाजला होता. त्यात गाण्याचे पहिले एकच सेकंद ऐकू येई. चुकलात की थोडे अधिक, असे सहा वेळा. या मुलीने तोच बेत आपल्या रागांवर बसवला होता.

तिने एका गायिकेचा तुकडा लावला. सा, रे, ग, प, ध असे पाच स्वर माझ्या कानांनी टिपले आणि मी घाईने म्हणालो, "भूप!" मुलगी हसली. "चूक!"

बाजूला तिचे आजोबा बसले होते. सारा जन्म गिरणीच्या साचेखात्यात गेलेला. मागांच्या खडखडाटाने कान मंद झालेले. त्यांनी मोबाइल कानाशी धरला, तुकडा पुन्हा ऐकला आणि म्हणाले, "नाव काय ते मला नाही ठाऊक. पण मास्तर, भूप नसंल हा. ही बाई वरच घोटाळतेय. खाली उतरून बसतच नाही." तो राग होता देशकार. आजोबांना नाव सांगता आले नाही म्हणून खेळाच्या नियमाप्रमाणे त्यांना गुण शून्य. मलाही शून्यच. पण श्रोतेहो, आम्हा दोघांची शून्ये सारखी होती काय?

हे नीट समजण्यासाठी आधी पाश्चात्त्य संगीताकडे पाहू. बेटोव्हेनची पाचवी सिंफनी १८०८ साली व्हिएन्नात प्रथम वाजली. तिचे पहिले चारच स्वर ऐकले तरी जाणकार ती ओळखतो. कारण ती रचना लिहून ठेवलेली आहे. कोणीही वाजवली तरी प्रारंभ तोच. तिथे तुकडा ओळखणे म्हणजे पाठ असलेल्या कवितेचा पहिला शब्द ओळखण्यासारखे आहे. आपल्याकडे बंदिश ठरलेली असते, पण तिच्याभोवतीचा विस्तार गायक त्या त्या वेळी उभा करतो. एकच यमन दोन गायक दोन तऱ्हांनी मांडतील. एकच गायक आज एक, उद्या दुसऱ्या तऱ्हेने मांडील. तेव्हा पूर्वी न ऐकलेले दहा सेकंद ऐकून राग ओळखायचा, तर पाठांतर कामाला येत नाही.

मग काय कामाला येते? पुष्कळांना वाटते, स्वर मोजले की झाले. माझीही चूक तीच. भूप आणि देशकार, दोहोंत स्वर तेच पाच. परंतु भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. तो गंधारावर विसावतो, खालच्या धैवताला स्पर्श करून षड्जावर येतो, त्याचा संसार सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात. देशकार सकाळचा. त्याचा जीव धैवतावर. तो वरच्या षड्जाच्या आसपास रमतो आणि ऋषभावर फारसा थांबत नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) हे आपल्या मुंबईचेच. त्यांनी रागांची दहा थाटांत मांडणी केली, तीत भूप कल्याण थाटात आणि देशकार बिलावल थाटात ठेवला. स्वर तेच असून घरे निराळी!

आपल्या भाषेत गाण्याच्या वळणालाही 'चाल' म्हणतात आणि माणसाच्या चालण्यालाही. गावात तिन्हीसांजेला पांदीतून कोणी येत असेल तर तोंड दिसत नाही, तरी आपण म्हणतो, "तो पाहा, पाटलांचा धाकटा आला." कशावरून? चालीवरून. रागाचेही तसेच आहे. आजोबांनी चाल ओळखली होती. मी नुसते पाय मोजले होते.

आणखी एक अडचण पेटीवर करून पाहता येईल. गावोगावच्या भजनी मंडळांत पेटी असतेच. तिच्या फक्त काळ्या पट्ट्या वाजवा. काळी तीनला षड्ज माना. भूपाचे स्वर मिळतील. त्याच पट्ट्या, पण काळी पाचला षड्ज माना. मालकंसाचे स्वर मिळतील. काळी एकला षड्ज धरलात तर दुर्गा. पट्ट्या त्याच, बोटे तीच. षड्ज हलला की सारा संसार बदलला. म्हणून मागे तंबोरा हवा. तुकड्यात तंबोऱ्याचा षड्ज नीट ऐकू येत नसेल, तर भल्याभल्या ऐकणाऱ्यानेही अंदाज करू नये.

कोणी विचारील, हे काम मोबाइललाच का सांगू नये? 'शाझम' नावाची सोय २००२ साली इंग्लंडात सुरू झाली. वाजणारे गाणे ऐकवले की ती त्याचे नाव सांगते. तिची रीत अशी: ध्वनिमुद्रणातले ठळक ठळक नाद टिपायचे, त्यांचा अंगठ्याच्या ठशासारखा नकाशा करायचा आणि साठवलेल्या ठशांशी ताडून पाहायचा. ठसा जुळला तर नाव मिळाले. पण हा ठसा त्या एका मुद्रणाचा, रागाचा नव्हे. तुमच्या गावातल्या मुलीने आज सकाळी गायलेला देशकार त्या साठ्यात कुठून असणार?

थोडक्यात ऐकणे हे काही आजचे नाही. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले तेव्हा एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. त्यामुळे तासाभराचा राग तीन मिनिटांत आटवावा लागे. गौहरजान गाणे संपताच स्वतःचे नावही इंग्रजीत सांगत. १९२७ साली मुंबईचे रेडिओ केंद्र सुरू झाले. रेडिओवर निवेदक राग, ताल, गायक सारे सांगतो. आपण निवांत ऐकतो. या खेळाने निवेदकाला तेवढे गप्प केले आहे, आणि त्यामुळेच कानाला काम लागते. हा त्याचा मोठा गुण.

शिक्षकांनो, हा खेळ वर्गात जरूर घ्या. एका वेळी दोनच राग घ्या, फार नकोत. आधी तंबोरा ऐकवा आणि मुलांना षड्ज गुणगुणायला लावा. मग तुकडा लावा आणि नाव विचारू नका. विचारा: गाणारा कुठे थांबला? वर रमला की खाली? कोणता स्वर पुन्हा पुन्हा आला? कोणता निसटता घेतला? मुलांना स्वरांची नावे येत नसतील तर हाताने उंची दाखवू द्या. नाव सगळ्यांत शेवटी. आणि नावावर भुलू नका. पहाटेच्या देवाच्या गाण्यांना आपण भूपाळ्या म्हणतो, पण भूपाळी ऊर्फ भूप हा राग शास्त्राने रात्रीला दिला आहे. उत्तर मिळाल्यावर मोबाइल मिटू नका, तोच राग दहा मिनिटे ऐकवा. मोबाइल नसला तरी अडत नाही. रेडिओवर निवेदन होईपर्यंत मुलांना वर्गाबाहेर ठेवा आणि गाणे सुरू झाले की आत बोलवा.

एवढे सांगण्याचे कारण आहे. नावावरच गुण दिले, तर नाव ठाऊक असलेला मूल वर चढतो आणि ज्याचा कान तयार आहे पण पुस्तक नाही, तो मागे पडतो. मग त्याला वाटू लागते की हे गाणे आपले नव्हेच, शिकलेल्यांचे आहे. आमच्या आजोबांना सारा जन्म तसेच वाटत आले होते. रात्ररात्र भजनात बसलेल्या माणसाला!

त्या संध्याकाळनंतर मुलीने नियम बदलला. नावाला एक गुण आणि 'कशावरून' याला दोन. गेल्या रविवारी तीन तुकडे लावले. मला पाच गुण मिळाले. आजोबांना सहा, आणि एकाही रागाचे नाव त्यांनी घेतले नाही.