कथा आपली की केवळ मजुरी?

लोकप्रिय व्हिडिओ गेमवरून ॲनिमेशन मालिका तयार करण्याचा उद्योग नवा नाही. जपानी ‘पॅक-मॅन’वर १९८२ मध्येच अमेरिकेत मालिका निघाली. ‘पोकेमॉन’ हा खेळ १९९६ चा. पुढच्याच वर्षी त्याची मालिका सुरू झाली. ‘लीग ऑफ लेजेंड्स’वरील ‘आर्केन’ २०२१ मध्ये आली आणि २०२२ मध्ये तिला एमी पुरस्कार मिळाला. नांदेड-लातूरच्या वाचकाला याचे काय सोयरसुतक, अशी शंका येईल. परंतु हा प्रश्न मनोरंजनाइतकाच अर्थशास्त्राचाही आहे.

या व्यवसायात मिळकत दोन प्रकारची असते. एक, चित्रे हलविण्याची मजुरी. ती काम संपताच थांबते. दुसरी, कथा व पात्रे यांच्या मालकीचे उत्पन्न. खेळ, मालिका, खेळणी, दप्तरांवरील चित्रे अशा अनेक रूपांत तेच पात्र पुनःपुन्हा विकले जाते. ‘आर्केन’च्या दोन हंगामांवर सुमारे २५ कोटी डॉलर खर्च झाल्याचे वृत्त २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. खेळाचा मालक एवढे धाडस करू शकतो, कारण मालिकेचा प्रेक्षक उद्या खेळाचा ग्राहक होण्याचा संभव असतो. केवळ मजुरीवर जगणाऱ्या स्टुडिओला हा हिशेब मांडताच येत नाही.

आपल्याकडे हे जमणार नाही, असे मात्र नाही. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड संस्थेचा ‘छोटा भीम’ २००८ पासून घराघरांत पोचला. पात्र स्वतःचे असल्याने त्याचे चित्रपट, खेळ व वस्तू निघाल्या. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा खेळ आणला. राक्षसांनी पळविलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेली बहीण ही त्याची नायिका. कथेचे काही भाग छायाबाहुल्यांच्या शैलीत उलगडतात. मालिकेला लागणारी सामग्री यात सारीच आहे. छायाबाहुल्यांची परंपरा तर सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांनी आजवर जपली. त्यांपैकी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

मराठवाड्याला कच्चा माल बाहेर पाठविण्याचा अनुभव जुना आहे. नांदेडची उस्मानशाही मिल बंद पडल्यावर, पिकविणारा आणि नफा मिळविणारा यांतील अंतर या शहराने जवळून पाहिले. उद्या आपल्या मुलांचे कौशल्यही तसेच गाठोडे बांधून पुण्या-हैदराबादला जाणार काय? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर, नोकरीच्या ओघात निर्माण झालेल्या कृतीचा पहिला धनी नोकरी देणारा असतो. ही गोष्ट चित्र काढणाऱ्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे?

भांडवलाविना मालकी कोठून आणणार, हा आक्षेप रास्त आहे. आरंभी मजुरी करावीच लागेल. त्यात कमीपणा नाही. परंतु तिच्यातून शिकलेले हात पुढे स्वतःच्या कथेकडे वळले पाहिजेत, आणि करारावर सही करण्यापूर्वी हक्कांची कलमे वाचली पाहिजेत. ‘लातूर पॅटर्न’ने प्रवेशपरीक्षांची शिस्त दिली, परंतु इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेकडे आपण दहावीच्या वाढीव गुणांपुरतेच पाहतो. महाविद्यालयांनी कथालेखन, चित्रकला आणि करारकायदा यांचे छोटे अभ्यासक्रम एकत्र आणले, तर त्यास कोटींचा निधी लागणार नाही.

मुलांच्या हातचे खेळ काढून घेणे आता शक्य नाही. त्या खेळांतील नायकांची मालकी कोणाकडे असावी, हे ठरविण्यात मात्र आपल्यालाही वाटा मागता येईल. तो मागण्याची तयारी शाळा-महाविद्यालयांतूनच व्हावयास हवी.