हेडलाइटचा दिवा बदलण्याआधी

फोंड्याहून मोलेमार्गे अनमोड घाट चढायचा, तर पावसाळी रात्री हेडलाइटवाचून दुसरा आधार नाही. गाडीसोबत आलेला पिवळट हॅलोजन काढून पांढरा एलईडी बसवण्याची ओढ म्हणूनच समजण्यासारखी आहे. पुढे मात्र तो फडफडू लागतो, एका बाजूचा बंद पडतो, ‘माल हलका निघाला’ असा निकाल लागतो आणि दुसरी जोडी येते. हा निकाल बहुतेक वेळा घाईचा असतो. नवी जोडी टाकूनही त्याच बाजूचा दिवा जात असेल, तर दोष दिव्यात नाही. दिवा बनवणाऱ्याला तो डावीकडे बसणार की उजवीकडे, हे ठाऊकच नसते. दोष शोधायचा तो त्या बाजूच्या वायरमध्ये, होल्डरमध्ये आणि अर्थमध्ये.

यावर गॅरेजमध्ये हमखास येणारे उत्तर असे, की याच वायरिंगवर हॅलोजन वर्षानुवर्षे चालला, मग वायरिंग खराब कशी? उत्तर बिनतोड वाटते, पण हॅलोजन फार सोशिक असतो. त्यात तापणारी तार असते. वीज क्षणभर तुटली तरी तार गरमच राहते, त्यामुळे लूज कॉन्टॅक्ट डोळ्याला दिसत नाही. प्लस-मायनस उलटे झाले तरी तिला चालते, एसी-डीसीही चालते. एलईडीच्या मागे मात्र ड्रायव्हर सर्किट असते; वीज तुटली की ते बंद पडते आणि पुन्हा सुरू होते, तीच आपल्याला दिसणारी फडफड. अनेक जपानी धाटणीच्या गाड्यांत एच-४ होल्डरची सामाईक पिन प्लस असते आणि अपर-डिपरचा स्विच मायनस बाजू जोडतो. तिथे साधा एलईडी नवाकोरा असूनही पेटत नाही किंवा अपर-डिपर नीट बदलत नाही. जुन्या कित्येक स्कूटरचा हेडलाइट बॅटरीऐवजी थेट इंजिनाच्या कॉइलवरून एसीवर चालतो. तिथे डीसीचा एलईडी टिकेल कसा?

एक आक्षेप याहून वजनदार आहे. एच-४ हॅलोजन ५५ ते ६० वॉटचा, म्हणजे साधारण ५ अँपिअर ओढणारा; एलईडी त्याच्या निम्म्याहून कमी ओढतो. मग खराब वायरचा त्रास कमीच व्हायला हवा. वायर फक्त बारीक असेल तर हे खरे आहे. गंजलेल्या, हलत्या जोडाला ते लागू पडत नाही. शिवाय बऱ्याच ड्रायव्हरांना व्होल्टेज कमी मिळाले की ते करंट जास्त ओढतात आणि जास्त तापतात. त्यातच पूर्वी कोणी १००/९० वॉटचे बल्ब घातलेले असतात. त्या उष्णतेने होल्डर करपून पिना सैल झालेल्या असतात आणि नवा एलईडी त्याच होल्डरात खोचला जातो.

आपल्याकडची हवा या सगळ्यात भर घालते. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. पेडण्यात मोरजी, हरमल, केरीच्या किनाऱ्याचा खारा वारा तांब्याला हिरवट गंज चढवतो, तर डिचोलीच्या खाणपट्ट्यात तांबडी धूळ ओलाव्यासोबत कपलरात जाऊन बसते. एलईडीचा फॅन मावत नाही म्हणून मागचे रबरी टोपण कापले, की पाण्याला वाट मोकळी होते. ते तसेच दाबून बसवले, तर फॅनची हवा कोंडते. हॅलोजनची बरीचशी उष्णता प्रकाशासोबत पुढे निघून जाते, एलईडीची मात्र त्याच्या बुडाशीच साठते. तिथे दिवा खरोखर जळतो, पण चूक बसवण्याची असते.

तपासणी मल्टीमीटरने काही मिनिटांत होते. दिवा काढून रिकाम्या होल्डरवर व्होल्टेज पाहणे फसवे आहे. करंट वाहत नसेल तर सडलेला जोडही पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. जुना हॅलोजन लावून हेडलाइट चालू ठेवावा. एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरे होल्डरच्या प्लस पिनवर. मीटर दाखवेल ती वाटेतली गळती. ती अर्ध्या व्होल्टच्या वर गेली, तर फ्यूज, रिले, स्विच एकेक करून पाहावे. मग बॅटरीचा मायनस आणि होल्डरची अर्थ पिन; इथे ०.२ व्होल्टच्या वर गळती नसावी. असली, तर बॉडीवरचा अर्थ रंग खरवडून, चकचकीत पत्र्यावर नव्याने घट्ट बसवावा. गळतीची किंमत हॅलोजनमध्ये लगेच दिसते: व्होल्टेज १० टक्के घटले, तर उजेड जवळजवळ ३० टक्क्यांनी पडतो. अनेकांना नको झालेला तो पिवळा उजेड कित्येकदा याच गळतीचा असतो.

बाजारात खरोखर टाकाऊ एलईडीही आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्याचा निवाडा सोपा आहे: डावा-उजवा दिवा आपसात बदलावा. दोष दिव्यासोबत सरकला तर दिवा बदला. जागेवरच राहिला तर पैसे खर्चू नका, वायर दुरुस्त करून घ्या. आणि नवा दिवा लावायचाच असेल, तर हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी चिप थोडी जरी चुकीच्या जागी आली, तरी समोरच्याचे डोळे दिपतात. म्हणून गाडी रस्त्यावर काढण्याआधी डिपर भिंतीवर पाडून त्याची उंची तपासून घ्या.